गाडीखालचा पुठ्ठा

अण्णा, तुमच्या गाडीत मी सिंथेटिक ऑइल घातलं. तुम्ही असतात तर आधी चष्मा काढला असतात आणि मग म्हणाला असतात, "कुणाला विचारलंस?" विचारलं होतं. आईला विचारलं, आणि बिबवेवाडीतल्या आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही. गाडी आता दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. तुमच्या वेळी ती खडकीच्या फॅक्टरीपर्यंत जायची आणि रविवारी तुम्हा दोघांना फिरवून आणायची. मी ती रोज वाघोलीच्या कॉलेजला नेते, तिथल्या ऑफिसात काम करते. निम्मा वेळ इंजिन चालू आणि चाकं थांबलेली. त्या उष्णतेत साधं ऑइल लवकर खराब होतं, सिंथेटिक टिकतं, सकाळी गाडी सुरू केली की इंजिनात चटकन वरपर्यंत पोचतं, असं सगळेच सांगत होते. आणि सकाळी सुरू करताना वरून जो टकटक आवाज यायचा, तो मला ऐकवेना. गॅरेजवाला म्हणाला, "घाला मॅडम. पण ऑइल अडवणारी सीलं गाडीच्याच वयाची आहेत. जुना मळ धुऊन निघाला आणि गळायला लागली, तर मला शिव्या घालायच्या नाहीत."

आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. "ह्यांनी कधी घातलं नव्हतं ते," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तेव्हा हा असला ट्रॅफिकही नव्हता. "बरं. तू शिकलेली." तिचा तो सूर तुम्हाला माहीत आहे. मी चिडले आणि बोलून गेले, "आणि गळायला लागली तर मी इंजिन उघडून बसणार नाही. भंगारात देऊन टाकू." आईने भाजीत मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. आम्ही दोघींनी ती भाजी तशीच खाल्ली.

तुमचा पुठ्ठा अजून चालू आहे. रात्री गाडीखाली सरकवायचा, सकाळी चहाच्या आधी काढून बघायचा. लोक पेपर वाचतात तसे तुम्ही तो पुठ्ठा वाचायचात. ऑइलचा थेंब पुढे पडला आहे की मागे, नवा आहे की कालचाच पसरला आहे. मी गाडी शिकत होते तेव्हा एकदा सुरू केल्या केल्या जोरात रेस केली होती. तुम्ही हात पुढे करून किल्ली काढून घेतलीत. "झोपेतून उठवून कुणाला लगेच पळवतात का?" दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. नोकरी लागली तेव्हा तीच किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवलीत, आणि तेव्हाही काही बोलला नाहीत.

ऑइल बदलल्यापासून मी रोज पुठ्ठा बघत होते. पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. टकटक आवाजही कमी झाला होता. मला वाटलं, जिंकले. बॉनेट उघडून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघायची मग मी सोडूनच दिली. कोरड्या पुठ्ठ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तुम्ही शिकवलं नव्हतंत.

सुट्टीच्या दिवशी आई दुपारी त्या गाडीत जाऊन बसते, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. तिच्या गुडघ्यांसाठी तुम्ही डावी सीट खाली लाकूड घालून उंच करून दिली होतीत, ती अजून तशीच आहे. मी वरून बघते. पार्किंगमध्ये दार उघडं टाकून ती मटार सोलत बसलेली असते. सोसायटीतले जाता-येता विचारतात, "काय आजी, कुठे निघालात?" आई मान वर न करता म्हणते, "निघालेच आहे. सिग्नल लागलाय."

मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही मावशीकडे निघालो. ती आता मुलाबरोबर वाघोलीला राहते. खराडीच्या पुढे नगर रोडला गर्दीत थांबलो होतो, आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. गाडी हलली की विझायचा, थांबलं की पुन्हा लागायचा. तुमचं एकच वाक्य डोक्यात, लाल दिवा दिसला की जागच्या जागी बंद, नंतरचं नंतर. मागून हॉर्न वाजतायत, गाडी जरा पुढे सरकताच मी इंजिन बंद केलं आणि उरलेल्या वेगावर गाडी कशीबशी कडेला घेतली. पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, काढली. टोकालासुद्धा ऑइल नव्हतं.

मी आईला म्हटलं, "पुठ्ठा तर रोज कोरडा असतो गं."

आई समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. "असणारच. तू उठायच्या आधी मी बदलते."

"काय?"

"पाणी भरायला उठते ना मी. डागाचा काढायचा, दुसरा सरकवायचा. किराणावाल्याकडून आणते पुठ्ठे." मग म्हणाली, "भंगारात देते म्हणालीस."

रागावायचं होतं, पण रागावायचं कुणावर? आईने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. मावशीसाठी घेतलेल्या चकलीच्या डब्याखालून ऑइलचा एक लहान डबा काढला. साधं ऑइल, तुम्ही घालायचात तेच. "महिनाभर बाळगतेय. कुठे ओतायचं ते ठाऊक आहे मला, बॅटरीचा उजेड धरून मीच उभी असायचे ह्यांच्याजवळ. पण ते बॉनेट काही मला उघडत नाही."

सिंथेटिकमध्ये साधं मिसळणं चांगलं नाही, पण कोरडं चालवण्यापेक्षा केव्हाही बरं. मी ओतलं. आईने झाकण हातात धरलं होतं. किल्ली फिरवली तेव्हा आम्ही दोघीही त्या दिव्याकडे बघत होतो. तो विझला. आवाज थोडा जड वाटला, मग नीट झाला. मावशीकडे आम्ही काही बोललो नाही.

गॅरेजवाल्याने वरचं पॅकिंग आणि पुढचं सील बदललं. म्हणाला, सिंथेटिकने सील फाडलं नाही, ते आधीच गेलेलं होतं, मळाने फक्त झाकून ठेवलं होतं. "मागचं सील मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाताला लागत नाही. ते गळायला लागलं तर मोठं काम निघेल, मग विचार करा ठेवायची का." ऑइल कोणतं घालू, असंही त्याने विचारलं. मी आईकडे पाहिलं. "मला काय विचारता," ती म्हणाली, "मला फक्त पुठ्ठे बदलता येतात." पुन्हा सिंथेटिकच घातलं, जरा जाड. आता मी दर रविवारी पट्टी बघते. आईला म्हटलं, पुठ्ठ्याला हात लावायचा नाही, जे असेल ते मला दिसू दे. तिने मान हलवली.

आज सुट्टी. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब होता. एकच, आणि मागच्या बाजूला. मी पट्टी बघितली, ऑइल पुरेसं आहे. तेवढ्यात जिन्यावरून आईच्या चपलांचा आवाज आला. नेहमीपेक्षा लवकर उतरत होती, हातात मटारची पिशवी. "काय म्हणतोय पुठ्ठा?" तिने विचारलं.

मी तो उलटा करून ठेवला होता. कोरडा आहे, म्हटलं. अण्णा, हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिला सांगवलं नाही.