सुरी रावेरला, म्यान बऱ्हाणपुरात

शनवारा, बऱ्हाणपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस, सन १९४९

तीर्थस्वरूप दादांच्या पायांशी धाकटा भाऊ गिरधर याचा साष्टांग नमस्कार. सहा वर्षांनी माझे अक्षर पाहून घरात कुणी गेले की काय, असे तुम्हाला वाटेल. तसे काही नाही, आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुमची, मालतीवहिनींची आणि मुलांची प्रकृती चांगली असावी. तुमचा गुडघा थंडीत धरत असे, त्याला हल्ली काय लावता ते कळले नाही. (विचारायला तोंड नव्हते, म्हणून कळले नाही.) रावेर इथून आगगाडीने जवळच, पण मध्ये प्रांत बदलतो. इतकी वर्षे मी सगळे त्या प्रांतावर ढकलत आलो.

पत्रास कारण असे की, इथे शनवाऱ्यात एका लोहाराच्या दुकानापुढे दर रविवारी सकाळी आम्ही चार जण बसतो. आम्हाला चाकूसुऱ्यांचा शौक आहे. शौक म्हणजे आम्ही कापत काहीच नाही; आपापल्या हत्याराचे वर्णन करतो आणि त्या बदल्यात दुसऱ्याचे ऐकून घेतो. गोटू जमादार लढाईत ब्रह्मदेशात होते, त्यांनी तिथून खुकरी आणली. ती दाखवताना ते उभे राहतात, म्हणून आम्हालाही उभे राहावे लागते. कचेरीतले कारकून नंदकुमार यांच्याकडे सात पात्यांचा विलायती चाकू आहे. त्यातले एक पाते घोड्याच्या नालेत अडकलेला खडा काढायचे. नंदकुमारांना घोडा नाही, पण गावात कुणाचा टांगा लंगडत चालला की ते खिशात हात घालून त्याच्यामागे जातात. दगाशेठ सुपारीवाल्यांकडे घुंगरांचा अडकित्ता आहे. अडकित्ता हे हत्यार की भांडे, यावर आमचे चार रविवार गेले. अखेर 'ज्याने बोट तुटते ते हत्यार' असे ठरले आणि शेठना आत घेतले. (त्या वेळी त्यांनी आपले बोट पुढे केले. ते खरेच आखूड आहे.)

चौथा मी. माझ्याकडे काय आहे ते तुम्ही जाणताच. तात्या गेल्यावर भाईदासमामांनी आपली वाटणी केली, तीत तिळाएवढा पक्षपात होऊ नये म्हणून जे जे जोडीचे होते ते त्यांनी फोडले. खल तुम्हाला, बत्ता मला. जात्याचा खालचा दगड तुम्हाला, वरचा मला. (शारदा सहा वर्षे त्याच्यावर बसून धुणे धुते.) आणि तात्यांची सांबरशिंगी मुठीची सुरी, जिने ते निंबोल्याच्या मळ्यात केळीचा पहिला घड उतरवीत, ती तुम्हाला, तिचे तांबड्या मखमलीचे, चांदीच्या टोकाचे म्यान मला. त्यावरून आपण दोघे काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, म्यानात वारा भरून ठेव. मी म्हणालो, तुमच्या सुरीला गंज चढो. मामा मात्र वाटणी समसमान झाली म्हणून पोटभर जेवून गेले.

मंडळात मला त्या म्यानावरच घेतले. रिकामे म्यान कमरेला चपटे पडते, म्हणून मी त्यात शारदाचे मांडे उलटायचे पितळी उलथने घालत असे. दांड्यावर सुतळी गुंडाळायची आणि वरून रुमाल बांधायचा. (आमच्याकडे रविवारी मांडे होत नाहीत, त्याचे कारण हे.) सुरीचे वर्णन मात्र मी अक्षरशः खरे करीत असे: पात्यावरच्या दोन बारीक रेघा, मुठीवर तात्यांच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेली जागा. त्या अंगठ्याशी आलो की दगाशेठ डोळे मिटून घेत. कुणी 'काढून दाखवा' म्हणू नये म्हणून मी सांगून ठेवले होते की ही सुरी एकदा बाहेर आली की रक्त चाखल्याशिवाय म्यानात जात नाही, अशी आमच्या घराण्याची आण आहे. तात्या तिने आंब्याच्या फोडी करीत, हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. दोन वर्षे त्या तिघांनी माझा शब्द मानला. सगळ्यांत भारी सुरी गिरधर मास्तरांची, असे पार शाहपुरापर्यंत बोलले जाऊ लागले. दादा, खोटे कशाला लिहू, मला ते आवडत होते.

यंदा खंडेनवमीला आम्ही लोहाराच्या दुकानापुढे चौरंग मांडून हत्यारे पुजली. झेंडू वाहिला, हळदकुंकू लावले. पुजलेले हत्यार त्या दिवशी चालवायचे नसते, हे तुम्हाला सांगायला नको. माझी सुरी उघडी मांडता येत नव्हती (आण होती ना), म्हणून ती तेवढी कमरेला राहिली. तेवढ्यात निंबोल्याकडून केळीची गाडी आली. वळणावर एका बैलाचा पाय गटारात गेला, जू कलंडले आणि त्याच्या गळ्यातला दोर आवळला गेला. गाडीवान गाठीशी झटत होता, पण ओल्या दोराची गाठ सुटेना. त्याचा कोयता घरी, पुजलेला. बैलाची जीभ बाहेर आली. आम्ही चार शौकीन, चौरंगावर खुकरी, अडकित्ता आणि सात पाती, आणि सगळ्यांवर कुंकू. जमादारांनी खुकरीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग त्यांची नजर माझ्या कमरेवर आली, आणि पाठोपाठ सगळ्यांची.

"निकालो, मास्तर," ते म्हणाले. "आज खून का नहीं, जान का सवाल है."

मी काढले. उन्हात पितळ फार चमकते.

पलीकडे धुरपदाबाई भाजी घेऊन बसते. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आपल्या विळ्याने दोर कापला आणि परत जाऊन मेथीच्या जुड्या लावू लागली. बैल उभा राहिला. दगाशेठांना राहवले नाही. त्यांनी तिला विचारले, की आज नवमी असून तू विळा पुजला नाहीस का? ती मान वर न करता म्हणाली, "माह्या इळ्याले सुटी देली त खाऊ काय, शेठ?"

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. जमादारांनी एवढेच विचारले की मग सुरी कुठे आहे. मी म्हणालो, भावाकडे, रावेरला. मला भाऊ आहे, हेसुद्धा मी त्यांना कधी सांगितले नव्हते. मग सगळेच सांगावे लागले: वाटणी, म्यानातला वारा, गंज. जमादारांनी ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "इतनी रियासतें मिल गईं. बड़े-बड़े राजाओं ने दस्तखत कर दिए. और तुम दो भाइयों से एक चाकू-म्यान नहीं मिलता?" वर्गात मी मुलांना संस्थानांचे विलीनीकरण शिकवतो, नकाशावर कुठली रेघ पुसायची ते दाखवतो.

दादा, गंजाचे जे बोललो ते मी मागे घेतो. दर पावसाळ्यात मला ते आठवते. तात्यांची सुरी तुमच्याकडे उघडी पडली असेल, हवा दमट असेल, आणि तिचे म्यान माझ्या कमरेला. मी तिचे वर्णन करतो ते सहा वर्षांपूर्वीचे. आज ती कशी आहे हे मला माहीत नाही, आणि तुम्ही कसे आहात हेही नाही. म्हणून म्यान तुमच्याकडे पाठवीत आहे. केळीच्या वखारीतला लोटू गुरुवारी रावेरला यायचा आहे, तो हे पत्र आणि म्यान आणून देईल. जिथे सुरी तिथे म्यान असावे. माझी कसलीही मागणी नाही, उत्तराचीसुद्धा नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमचा (मधली सहा वर्षे सोडून) आज्ञाधारक,
गिरधर

ता. क. मंडळाने मला काढलेले नाही. उलथने हे हत्यार की भांडे, यावर येत्या रविवारी विचार व्हायचा आहे. नंदकुमार माझ्या बाजूने आहेत.

ता. क. शारदा म्हणते, जात्याचा वरचा दगड तुम्हाला हवा असल्यास न्यावा, नाहीतर खालचा इकडे आणावा. बसायला ती पाट घेईल.

ता. क. लोटूने म्यान गोणपाटात शिवून टाकल्यावर ध्यानात आले की उलथने आतच राहिले. त्यावाचून दिवाळीला मांडे व्हायचे नाहीत. ते टपालाने पाठवू नये, वाकते. लोटूच्या हातीही देऊ नये, तो विसरभोळा आहे. तुम्ही स्वतः घेऊन यावे, वसुबारसेच्या आत, आणि वहिनींनाही आणावे. सुरी राहिली तरी चालेल. शारदा म्हणते की उलथने आत राहिले नाही, मी ते ठेवले. ती म्हणते ते खरे आहे.