सैल सॉकेट

आत-बाशी,
२७ नोव्हेंबर

तुमारच्या बाबांना सलाम.

तब्येत कशी आहे? इथे सगळे बरे. बर्फ लवकर पडला, पण गवत त्याआधीच भरून झालं होतं. तुमारचे पुढचे दोन्ही दात पडलेत. परवा फोनवर तिचं बोलणं तुम्हाला कळलं नाही, ते त्यामुळे.

काही गोष्टी फोनवर बोलता येत नाहीत, आई शेजारीच बसलेल्या असतात. शेजारच्या शायिरचा भाऊ तिकडे कामाला येतोय, त्याच्या हाती हे देते आहे.

आईंच्या उजव्या हाताला पट्टी आहे. घाबरू नका, जखम भरते आहे.

झालं असं. मागच्या सोमवारी दुपारी कोळसा ओला निघाला, चूल पेटेना. आईंनी हीटर लावला, त्याच सॉकेटवर किटलीही लावली आणि तुमारचे ओले मोजे हीटरवर वाळत टाकले. मी कणीक मळत होते. आई ओरडल्या नाहीत, घशातून नुसता घरघर आवाज आला. वळून पाहिलं तर हात हीटरच्या पत्र्याला चिकटलेला, अंग थरथरतंय, आणि मागे पडद्याने पेट घेतलेला.

मी धावले. हात पुढे केलासुद्धा. तेवढ्यात तुमचं बोलणं आठवलं, "आधी मेन स्विच, मग माणूस." लग्नानंतर तुम्ही मला डोळे मिटून ओसरीतल्या मीटरपर्यंत चालायला लावायचात. मी वैतागायचे, "मला काय वायरमन करायचंय का?" तुम्ही म्हणायचात, "मी नसलो तर?"

मी आईंकडे पाठ फिरवली आणि पळाले. चार-पाच पावलंच, पण तशी पावलं वैऱ्यालाही टाकायला लागू नयेत. मेन स्विच खाली ओढला आणि परत आले, तर आई जमिनीवर पडलेल्या. शायिर बादली घेऊन दारात, "ओतू का, ओतू का?" मी ओरडले, "पाणी नको!" लोकरीच्या जाड नमद्याने पडदा दाबून विझवला. मग आईंच्या तोंडाशी गाल नेला. श्वास चालू होता. शायिरने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, हृदयाचा आलेख दोनदा काढला. हृदय ठीक आहे.

शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलल्या असतील? "सून पाठ फिरवून पळाली. म्हटलं, सुटली एकदाची!" आणि हसल्या. मला हसता आलं नाही. मग माझा हात धरून म्हणाल्या, "पोराला कळवू नकोस. काम टाकून धावत येईल." मी 'बरं' म्हटलं. मनात आलं, येऊ देत की.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी दोन दिवस कागद कोराच ठेवला होता.

तो सॉकेट सैल आहे, ठिणग्या उडतात, हे मला वसंत ऋतूपासून माहीत होतं. सप्टेंबरात ओमोरकाका स्वतःहून आले होते, तारा बदलून देतो म्हणाले. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सांगितलं, "तुमारचे बाबा स्वतः करणार आहेत." ते खोटं नव्हतं, तुम्ही तसं म्हणालाच होतात. पण खरं कारण वेगळं होतं. दर फोनवर मी "सॉकेट बिघडलाय" म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "हात लावू नका, मी येऊन बघतो." ते वाक्य ऐकण्यासाठी मी तो तसाच राहू दिला. "मला करमत नाही, या" असं तोंडाने म्हणवेना, म्हणून सॉकेटचं नाव पुढे केलं. तुम्ही तिकडे दुसऱ्यांच्या घरांत तारा ओढत राहिलात, आणि माझ्या हट्टापायी आई जाता जाता वाचल्या.

आईंना हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. रागवा, पण आईंना सांगायचं असेल तर इथे येऊन सांगा.

शुक्रवारी ओमोरकाकांनी सगळ्या तारा बदलल्या. अर्थिंग केलं, करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला. हीटरचा सॉकेट वेगळा केला. दोनदा तपासून गेले.

तेव्हा घरात आता दुरुस्त करण्याजोगं काही उरलेलं नाही. तिसरा हिवाळा आहे हा. काही काम नाही, तरी या.

वाट बघणारी,
तुमची बुरुल