आई, तुझ्या सुनेला मोकळं केलं

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय आई,

काल सकाळी दिलीप, गिरिजा आणि पोरं टेम्पोत सामान भरून नाशिकला गेली. आता घरात मी एकटी आहे. हे ऐकून तू आहेस तिथं ताडकन उठून बसली असशील, म्हणून लगेच सांगते, मी बरी आहे. चहा केला, प्यायले आणि तुला लिहायला बसले. गिरिजानं माझ्याबद्दल तुला दिलेलं वचन मी तिला परत केलंय. ते दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्यापेक्षा मीच घातलेलं बरं.

शिवाय पत्राची एक सोय आहे. मी कॉम्प्युटरवर एका बोटानं अक्षर अक्षर लावतेय, आणि माझं वाक्य मधेच कुणी पुरं करत नाहीये. तुला ती सवय होती की नाही? माझी जीभ आणि माझे पाय जन्मापासून आपल्या वेळेनं चालतात. मी ‘मला’ म्हणेपर्यंत तू ‘भूक लागली व्हय?’ म्हणून ताट घ्यायचीस. पुष्कळदा बरोबर असायचं. पण चुकलं की ते दुरुस्त करायला मला आणखी एक वाक्य लागायचं, आणि तेही तूच पुरं करायचीस.

दिलीपच्या लग्नाची बैठक आठवते? गिरिजाचे वडील निपाणीकडून चार माणसं घेऊन आले होते. मी आत स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसले होते, दार अर्धं लोटलेलं. तू म्हणालीस, “पावणं, आमास्नी हुंडा नको. सोनं नको, भांडी नकोत. एकच अट हाय. दिलीपची थोरली बहीण आत बसलीया. माझ्यामागं तिला तुमच्या पोरीनं जन्मभर सांभाळायचं. तेवढं कबूल करा, लगेच साखर वाटू.”

गिरिजाचे वडील म्हणाले, “त्यात काय? करंल की. पोरगी कामाला वाघ हाय.”

साखर वाटली. एक चिमूट मलाही आत पाठवलीस. गल्लीत तुझं केवढं नाव झालं, हुंडा न घेणारी बाई म्हणून. मलाही तुझा अभिमान वाटला, आणि रागही आला. तो राग कुठं ठेवायचा ते मला तेव्हा कळलं नाही. आज सांगते. हुंड्याच्या जागी तू मला ठेवलं होतंस, आणि दाराआड बसलेल्या मला एकदाही विचारलं नव्हतंस.

गिरिजा आली, आणि खरंच वाघासारखी राबली. मला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, पण माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाटायचं, घुमी आहे.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत अपंगांच्या कोट्यातून मला फोनचा बूथ मिळाला. जिला बोलायला वेळ लागतो तिला फोनचा बूथ, म्हणून गल्ली हसली. अगं, बोलायचं गिऱ्हाइकानं असतं, मी फक्त मीटर बघायचा! तिथंच एक दिवस शोभा आली. कबनूरची, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणारी, दोन्ही काखांत कुबड्या आणि अख्ख्या पेठेला पुरेल असा आवाज. आमच्यासारख्यांसाठी नवा कायदा झालाय, त्याची बैठक आहे, ये, म्हणाली. तू अर्थातच सोबत आलीस.

बैठक एका साहेबांच्या कचेरीत, आणि कचेरी पहिल्या मजल्यावर. अपंगांची बैठक, आणि वर जायला अरुंद जिना! तू लगेच समोरच्या गुळाच्या अडतीवरचे दोन हमाल बोलावून आणलेस, मला उचलून वर न्यायला. शोभानं कुबडी आडवी घातली.

“मावशी, गुळाची ढेप हाय व्हय ती? साहेबास्नी पाय हायत न्हवं? येऊ द्यात की खाली.”

आणि साहेब आले की खाली. अडतीच्या ओट्यावर बैठक झाली, हमालांनीही बसून चहा घेतला. माझे पाय आधी होते तसेच होते. अडचण जिन्यात होती. इतकी साधी गोष्ट, पण मला ती तिशी ओलांडल्यावर कळली.

मग प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची होती. माझी पाळी आली तशी तू सुरू झालीस. ही शालन, हिला असं होतं, हिला तसं लागतं, रोज रात्री दूध घेतल्याशिवाय झोपत नाही. शोभा म्हणाली, “तिला बोलू द्या की, मावशी. आमास्नी घाई न्हाय.” सगळे थांबले. खरोखर थांबले, कुणी घड्याळाकडं बघितलं नाही. मी म्हणाले, “माझं नाव शालन. मला दूध आवडत नाही.”

परतताना रिक्षात घर जवळ आल्यावर म्हणालीस, “मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाईस?” सांगत होते गं! ‘मला दूध’ एवढं झालं की तू पेला पुढं करायचीस. त्या रात्रीपासून दूध बंद झालं आणि सकाळी कपभर चहा माझ्यापुढं आला, आलं ठेचून घातलेला. मला तेवढं पुरे होतं.

पण ती अट मात्र तू सोडली नाहीस. शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, गिरिजाकडून तू पुन्हा कबूल करून घेतलंस. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूलाच बसले होते, आई.

तू गेल्यावर दिलीपला बँकेत बढती आली. बढती म्हणजे बदली. त्यानं नाकारली. “मला साहेबगिरी झेपत न्हाय,” म्हणाला. पुन्हा आली, पुन्हा नाकारली. आपला भाऊ साधा आहे, त्याला हाव नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगत बसले.

आमच्या बैठका चालूच होत्या. आधी मला वाटायचं, हक्क म्हणजे रॅम्प, बसचा पास आणि नोकरीतल्या जागा. ते हवंच. पण एकदा शोभानं वेगळंच काढलं. म्हणाली, “आमास्नी इचारल्याबिगर आमचं काय ठरवू नका, असं आपण म्हणतोय. बरोबर हाय. पर आपल्याला सांभाळणारी जी बाई हाय, तिला तरी कोण इचारलंय?”

घरी आले तर गिरिजा ज्वारी निवडत होती. मी समोर बसले आणि विचारलं, “आपल्या घरी बैठक झाली, अट ठरली, तेव्हा तू कुठं होतीस?” वाक्य संपायला वेळ लागला. ती सूप हातात धरून थांबली.

“घरात व्हतो की, आमच्या गावाला. सांजच्याला अप्पा आले तवा कळालं, ठरलं म्हणून. मला कोण इचारलंय, आक्का?”

“राग येतो माझा?”

“राग न्हाय. भ्या वाटतंय. तुम्हाला नुसता ठसका लागला तरी मला दवाखान्यातला आत्याबाईंचा चेहरा दिसतोय.” मग खाली बघत म्हणाली, “ह्यास्नी आणि बढती आलीया, नाशिकला. हे परत नको म्हणून सांगणार हायत.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा बूथ, माझ्या बैठका, सगळं इथं, मला इथून हलवायला नको म्हणून दिलीप बढत्या नाकारत होता. ती तिच्या घरात, मी आपल्या घरात, आणि मधे बसून तू आणि तिच्या अप्पांनी आम्हा दोघींचं आयुष्य ठरवून टाकलंत. मी तिला म्हणाले, “आईला दिलेलं वचन सोड. मी सोडवते तुला.” तर ती भडकलीच. “म्हंजे? माझं काय कमी पडलं?” काहीच कमी पडलं नव्हतं. हेच समजावून सांगायला मला कितीतरी वेळ लागला, आणि ती रडत रडत ऐकत राहिली.

त्या दुपारी गिरिजा झोपली. लग्न होऊन आल्यापासून दुपारी आडवी झालेली मी तिला बघितली नव्हती. घोरत होती, आई. मी पोरांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

दिलीप मात्र अडून बसला. “आईला तोंड कसं दाखवू?” म्हणाला. मी म्हणाले, आईला मी लिहिते, तू तुझ्या साहेबांना होकार कळव.

मग आम्ही तिघांनी बसून घर माझ्याजोगं केलं. न्हाणीत धरायला पाइप बसवला, उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणलेला. आणि आता रागावू नकोस, पुढच्या दाराचा उंबरा काढला. तू रोज त्याला हळदकुंकू वाहायचीस आणि मी रोज त्याला अडखळायचे. गवंड्याचा हात धजेना. गिरिजानं उंबऱ्याची पूजा केली, नमस्कार केला आणि त्याला म्हणाली, “हं, घाला आता घाव.”

सकाळ-संध्याकाळ हौसाबाई येते, शेजारच्या गल्लीतली. मला काय हवं ते मी सांगते, तिला काय जमणार नाही ते ती सांगते. मग आमचं भांडण होतं आणि काम होतं. मी सगळं एकटी करते असं नाही गं. एकटं कोण करतं? दिलीपला विचार, त्याचा डबा कोण भरतं.

टेम्पो सुटताना गिरिजा म्हणाली, “आक्का, फोन केला तर उचलशीला न्हवं?” बूथवाल्या बाईला विचारते! आता मोबाइल आल्यापासून बूथवर झेरॉक्सचंच काम जास्त, पण फोन आहे अजून. रात्री आला तिचा. पोहोचलो म्हणाली, आणि मग पाऊण तास बोलत होती. मी घुमी समजत होते ती हीच का, असं मला वाटलं.

आई, जाईपर्यंत तू एकच विचारत राहिलीस, माझ्यामागं हिचं कसं व्हायचं? डॉक्टरांना विचारलंस, पाहुण्यांना विचारलंस, दर शुक्रवारी अंबाबाईला विचारलंस. मला का नाही गं विचारलंस? मला तरी कुठं माहीत होतं, पण दोघींनी मिळून काहीतरी काढलं असतं. असो. आता झालंय. बरं झालंय. तुझ्या जिवाला घोर होता तो उतरव आता. माझा कालच उतरला.

एक राहिलं. तू सगळ्यांकडून वचन घेतलंस, माझ्याकडून कधीच घेतलं नाहीस. माझ्याकडं देण्यासारखं काही असेल हे तुझ्या मनातच आलं नसेल. म्हणून न मागता देते. गिरिजा कधी थकली, आजारी पडली, तिला कुणी विचारेनासं झालं, तर हे घर आहे आणि मी आहे. मी तिला सांभाळीन.

आधी तिला विचारून.

तुझी,
शालन