डाव्या वाटेचा बाण

सोमवार, ११ मार्च. सकाळ

ही अजून आली नाही!

काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सायकलवर निघाली. अडतीस किलोमीटर. कितीही रमतगमत गेली तरी बारापर्यंत दारात सायकल टेकवायला हवी होती. एक रात्र गेली मध्ये. पोलीस म्हणतात, "तुम्ही घरीच थांबा, त्या परत आल्या तर घरात कुणीतरी हवं." म्हणून थांबलोय. लिहीत बसतो. नाहीतर खिडकीशी उभं राहून वेड लागेल.

मला ताप, एकशे एक. नाहीतर मी असतोच हिच्या पुढे. मी आखलेल्या त्या सायकलच्या रस्त्यावर ही एकदाही एकटी गेलेली नाही. काल म्हणाली, "अहो, तुम्ही पडून राहा. मी एकटीच जाऊन येते. आणि आज उलटी फेरी मारते, म्हणजे टेकडीचा चढ उन्हाआधी संपेल." मी म्हटलं, जा की! दगडांवर माझे बाण दोन्ही बाजूंनी आहेत. डोळे मिटून गेलीस तरी चुकायची नाहीस.

काय ही माझी जीभ!

फोन लागत नाही. टेकड्यांत कधीच लागत नाही.

सोमवार, दुपार

वनरक्षक बारा माणसं घेऊन अख्खा रस्ता फिरून आला. काही नाही. चप्पल नाही, बाटली नाही, चाकाचा माग नाही. खडीवर माग कसला राहतोय!

सहा वर्षांपूर्वी एका ट्रकचा आरसा लागून ही सायकलवरून पडली होती. खांदा जुळला, पण भीती बसली ती बसलीच. रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. लग्नाआधी मला शर्यतीत मागे टाकणारी बाई! सायकल गॅलरीत टांगली ती टांगलीच. मग मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर हिला परत सायकलवर बसवायचं मी डोक्यात घेतलं. द्राक्षबागांमधल्या कच्च्या वाटा, कालव्याचा काठ, टेकड्यांवरचा जंगलखात्याचा खडीचा रस्ता, सगळे तुकडे जोडले. एकही गाडी आडवी येत नाही! जाड टायरच्या दोन सायकली घेतल्या. दोनशे बारा दगडांवर पांढरे बाण काढले. हे सगळं हिच्यासाठी. ही मला 'मोजपट्टी' म्हणते. म्हणू दे. घरी ये आणि दिवसभर म्हण.

मंगळवार, १२ मार्च

ताप उतरलेला नाही. गेलो तरीही. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही उभे तरी राहू शकता का?" तिला माझ्या जागी घरात बसवलं आणि निघालो.

आधी द्राक्षबागवाला भेटला. काढणी चालू आहे, क्रेटवर क्रेट रचलेले. म्हणाला, "अहो, त्या रविवारी साडेआठला इथूनच गेल्या. मी दोन घड दिले, तर हँडलच्या पिशवीत टाकले. एकट्याच कशा म्हणून विचारलं, तर हसल्या नुसत्या. जंगलात शिरताना पाहिलं मी." म्हणजे पुढे जंगलातच कुठेतरी. मी हिच्यासारखाच उलट्या दिशेने चालत सुटलो. प्रत्येक दगडावर माझा बाण. उलटे मोजत गेलो, एकशे ऐंशी, एकशे एकोणऐंशी. मनात म्हणत होतो, माझं काम चोख आहे, चुकायला जागाच नाही.

आणि एकशे एकोणसाठनंतर रस्ता फुटला.

मी तिथे उभाच राहिलो. इथे फाटा आहे? कधीपासून? मग मागे वळून पाहिलं आणि कळलं. नेहमीच्या दिशेने येताना डावी वाट पाठीमागून येऊन मिळते, झाडोऱ्यातून, तिरकी. दिसतसुद्धा नाही. एकच रस्ता वाटतो. मी दगडांच्या पाठी रंगवल्या खऱ्या, पण त्याही सुलट जाता जाता. थांबायचं, वाकायचं, मागची बाजू रंगवायची, पुढे जायचं. उलटा एकदाही चाललो नाही! पस्तीस वर्षं जमिनी मोजल्या. नवीन पोरांना ओरडून सांगायचो, रेघ दोन्ही टोकांकडून तपासा रे गाढवांनो. आणि स्वतः? अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

डावी वाट खाली हमरस्त्याला जाते, चार किलोमीटर. नकाशात आहे. पाऊसपाण्याने पार धुपलेली.

आता जे केलं ते लिहायची लाज वाटते. पण इथे नाही लिहिणार तर कुठे? पाठपिशवीत रंगाचा छोटा डबा असतोच माझ्या. कुणाला हाक मारायच्या आधी मी तो काढला आणि उजवीकडे बाण काढला. चांगला ठळक. का? माहीत नाही. खरंच माहीत नाही. हात आपोआप गेला. वरातीमागून घोडं!

मग डाव्या वाटेने उतरलो. हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. किलोमीटरभर गेलो असेन. डोळ्यांपुढे अंधारी आली, बसलो, ओकलो, परत वर आलो.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सगळे जमले. वनरक्षक नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "आज आम्ही फाट्यापर्यंत उलटे गेलो. तिथं बाण ठळक आहे, म्हणजे बाई उजवीकडेच गेल्या असणार. म्हणून मग उजवीकडची दरी बघत होतो. उद्या उरलेली बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुणा माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "भावजी, ताई तुमच्या बाणांच्या भरवशावर गेली."

मी गप्प बसलो. मूग गिळून बसलो होतो मी!

बुधवार, १३ मार्च

सांगितलं.

पहाटे उठून लेकीला सांगितलं आधी. ती स्वयंपाकघरात डबे भरत होती, शोधायला जाणाऱ्यांसाठी. तिने झाकण लावलं. दुसरं लावलं. म्हणाली, "काल संध्याकाळी का नाही बोललात?" मी म्हटलं, लाज वाटली. "लाज?" एवढंच. मग तिनेच वनरक्षकाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. स्वतः नाही बोलली.

फाट्यावर सगळे आले. वनरक्षकाने बाणावर अंगठा दाबला. सावलीतला दगड, वरून दव. अंगठ्याला पांढरं लागलं. त्याने ते पँटला पुसलं आणि म्हणाला, "साहेब, कालचा दिवस फुकट गेला." ओरडला असता तर बरं झालं असतं. मेहुणा मात्र अंगावर धावून आला. दोघांनी धरला त्याला. सोडायला हवं होतं.

दिवसभर डावीकडे शोधलं. धुपलेली वाट, दोन्हीकडे ओढे, काटेरी झुडपं. काही नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, आता चौथा दिवस. मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू. गेलंच ऐकू.

देवा, मला ने. हिला ठेव.

गुरुवार, १४ मार्च

सापडली. जिवंत!

फाट्यापासून अडीच किलोमीटरवर, मोडक्या मोरीखाली. ओढ्याच्या कडेला. कंबरेचं हाड मोडलंय. पाणी हाताशी होतं म्हणून वाचली. वनरक्षकाची शिट्टी ऐकून तिने दगडावर दगड आपटला. मी वर होतो. स्ट्रेचरवरून नेताना ओठ हलले, पण काही समजलं नाही. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते की झाडांकडे, कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, "एक दिवस आधी आणलं असतं तर किडनीवर एवढा ताण आला नसता."

एक दिवस. मोजता येतो मला.

शुक्रवार, १५ मार्च

ऑपरेशन झालं. अजून गुंगीत. लेक बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये तिची पर्स. मेहुणा दोनदा चहा घेऊन आला. दोन्ही वेळा दोनच कप.

कुणाला काय बोलणार? बरोबरच आहे त्यांचं. दुपारी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. झाडू मारणाऱ्या बाई म्हणाल्या, "दादा, पाय जरा वर घ्या." घेतले.

ही शुद्धीवर आली की सगळं सांगायचं. बाण नव्हता तेही, नंतर काढला तेही, गप्प बसलो तेही. मग तिने तोंड फिरवलं तर फिरवू दे.

शनिवार, १६ मार्च

सांगितलं. सगळं. रडत रडत, नाक गळत. हिने ऐकून घेतलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "अहो मोजपट्टी, बाण असता तरी मी डावीकडेच वळले असते. ठरवूनच गेले होते. हमरस्त्यावर गेले. नऊ किलोमीटर चालवली, ट्रकांच्या बाजूने! एकदाही थांबले नाही. परत वर येताना पडले."

मग हिने पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि डोळे मिटता मिटता म्हणाली, "बरी झाले की परत जाणार आहे. तुम्ही पुढे नका येऊ."