सव्वीस फर्मे इकडे, सव्वीस तिकडे

४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून आधी कान पकडते, मग बातमी देते. कंबर कशी आहे? पुठ्ठ्यांचे गठ्ठे अजून एकटाच उचलतोस, असं मामी कळवते. तिनं चुगली केली हे तिला सांगू नकोस.

बातमी अशी, की आपल्या आवडत्या मालिकेतल्या पाचव्या पुस्तकावरच्या सिनेमाचं काम सुरू झालं. आधीच्या चार पुस्तकांचे चार सिनेमे झाले, पण या शेवटच्याचे दोन होणार आहेत. पहिला यंदा, दुसरा पुढच्या वर्षी. पटकथेच्या टेबलाशी आम्ही तिघं बसतो. मुख्य लेखक (पाठीमागे आम्ही त्यांना दाढीवाले म्हणतो), त्यांचे सहायक आणि मी. मी आतापर्यंत इतरांचे कागद टाइप करत होते. या वेळी दाढीवाल्यांनी मला खरं काम दिलंय. पहिला सिनेमा कुठे संपवायचा ते मी सुचवायचं. पंचवीस तारखेला बैठक आहे. निर्मात्यांचं मत ठरलेलं आहे. धरण फुटतं, मुलगी पाण्यात पडते आणि पडदा काळा. प्रेक्षक वर्षभर तळमळले पाहिजेत, असं ते हात चोळत म्हणाले. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आणि तिथे नुसतं ‘पटत नाही’ म्हणून भागत नाही.

जाड पुस्तकाचे दोन भाग करणं हे तुझं रोजचं काम. म्हणून विचारते, तू कुठे तोडतोस?

पत्राची वाट बघते. माझ्यावर रागावलास तरी चार ओळी रागाच्या टाक.

तुझी,
खार

९ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. धरण फुटतं, हेही पोचलं. मी पाचव्या पुस्तकाचा पहिला अर्धाच भाग वाचलाय आणि उरलेला वाचणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी तू दुसऱ्या परिच्छेदात धरण फोडून मोकळी झालीस. मुलगी वाचते की नाही ते तरी कळवू नकोस.

आता तुझा प्रश्न. मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. जे शिकलो ते बांधायला आलेल्या पुस्तकांतून, खळ वाळेपर्यंतच्या वेळात. तेव्हा तुमच्या टेबलावरच्या शिकलेल्या माणसांना सांग, की पुस्तक वाटेल तिथे तुटत नाही. एक मोठा कागद छापून दुमडला की सोळा पृष्ठांची एक घडी होते, तिला फर्मा म्हणतात. दोरा प्रत्येक फर्म्याच्या पोटातून जातो. फर्म्याच्या मध्ये कापलंस तर पानं सुटी होऊन गळायला लागतात. म्हणून दोन फर्म्यांच्या सांध्यावर थांबायचं. तिथे वाक्य पुरं झालं असेल तर नशीब. नसेल तर तिथेच लोंबकळतं, बाइंडर काही करू शकत नाही.

आणि तू विचारलं नाहीस तेही सांगतो. माझं मत विचारशील तर तोडूच नका. तिकिटं दोनदा विकायला मिळतात म्हणून एका गोष्टीच्या पोटात सुरी घालायची? माणूस आज अर्धी गोष्ट घेऊन घरी जातो. उरलेली अर्धी त्याला मिळेलच, याची हमी कोण देतं? तुमचे निर्माते?

कंबर बरी आहे. मामीला चुगली कळली आहे, तुझं पत्र ती माझ्याआधी वाचते.

अभ्यास कर, जेवत जा.

तुझा,
मामा

१३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

धरणाबद्दल माफी. एवढा मोठा बांध तुझ्यापासून लपवायचा म्हणजे सोपं काम नव्हतं, हे मात्र मान.

पण मामा, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुमचे निर्माते, असं लिहून तू जे प्रश्नचिन्ह टाकलंयस, त्यात निब कागदातून आरपार गेलंय. एका सिनेमासाठी कोणी एवढं रागावत नाही. आई आणि तू ही पुस्तकं नेहमी पाळीपाळीनं वाचायचात, आधी ती, मग तू, हे मला माहीत आहे. पाचवं पुस्तक अर्ध्यावर अडलं, तेव्हा आई आजारी होती. ती गेल्याला सहा वर्षं झाली. सगळे म्हणतात मामाचा हट्ट आहे, वाचत नाही तर नाही. मीही तेच म्हणत आले. पण हट्ट म्हणजे नेमकं काय, ते मी तुला कधी विचारलंच नाही. आता विचारते.

नाही सांगितलंस तरी चालेल. पंचवीस तारीख मात्र थांबणार नाही.

माया कमी करू नकोस.

तुझी,
खार

१८ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मामीला वाचायला न देता पेटीत टाकणार आहे.

ताईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा पाचवं पुस्तक नुकतंच आलं होतं. आठशे बत्तीस पृष्ठं, म्हणजे बावन्न फर्मे. तिच्या हातांना ते पेलेना. छातीवर ठेवलं तर श्वास लागे. मी म्हटलं, ताई, अर्धं करून देतो. पुस्तकाची पाठ सोडवली, दोरे काढले, सव्वीस फर्मे इकडे आणि सव्वीस तिकडे. काटेकोर अर्धं. चारशे सोळाव्या पृष्ठावर वाक्य अर्धवट तुटत होतं. मुलगी डोंगरातल्या घराचं दार लोटते, आणि शेकोटीशी पाठमोरं बसलेलं माणूस म्हणजे, एवढ्यावरच. पंचवीस फर्म्यांवर थांबलो असतो तर वाक्य पुरं होत होतं, मी तपासलं होतं. पण मग भाग सारखे झाले नसते. मला सारखे हवे होते. ताई आधी वाचणार हा नियम, म्हणून चारशे सतराव्यावर कोरा कागद ठेवून काम केलं.

पहिला भाग नेऊन दिला, आणि तेवढीच पृष्ठं मी तिच्या मागोमाग वाचनालयाच्या प्रतीतून वाचली. तीन आठवड्यांनी तिचा निरोप आला, की पोचत आले, दुसरा पाठव. दुसरा भाग तयार होता. मंगळवारी दाबाच्या शिकंज्यातून काढला, आणि पाहतो तर पाठीवरची सोनेरी अक्षरं पहिल्या भागापेक्षा अर्धा सूत खाली. अर्धा सूत, खारे, नखाच्या कडेएवढा फरक. कपाटात शेजारी ठेवली तर दिसलं असतं. मी कापड सोलून काढलं आणि नव्यानं बसवलं. खळ ओली, हवा दमट, वाळायला वेळ लागला. सहा दिवस गेले. सोमवारी ती गेली. मी भाग घेऊन निघालो होतो, दवाखान्याच्या फाटकापाशीच तुझा बाप भेटला.

अक्षरं आता सरळ आहेत. वाचायला ती नाही, मग मी कसा वाचू? त्याला तुम्ही हट्ट म्हणता, म्हणा.

यात तुझ्या कामाचं काही नसेल. विचारलंस म्हणून लिहिलं.

तुझा,
मामा

२६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सोबत एक पार्सल आहे. ते आधी उघडू नकोस, पत्र पुरं वाच. (तू उघडलं असशीलच.)

तुझं पत्र वाचलं आणि आईच्या वस्तूंची पेटी काढली. पहिला भाग त्यात होता. माझ्याजवळ अख्खी प्रत होती, म्हणून सहा वर्षांत मी तो कधी उघडलाच नव्हता. चारशे सोळावं पृष्ठ डावीकडे येतं आणि समोर तू लावलेलं अस्तराचं कोरं पान. आईनं तुटलेलं वाक्य त्या अस्तरावर पेन्सिलीनं पुरं केलंय. तिनं लिहिलंय, की ते माणूस म्हणजे तिचा भाऊच होता. काहीतरी वाकडं झालेलं सरळ करत बसला होता. तिनं हाक मारली नाही. हातातलं काम टाकून तो उठणार नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती शेजारी बसली आणि बघत राहिली. खाली तारीख आहे, शनिवारची.

मामा, ती वाट बघत होती हे खरं. पण तू कशात अडकलायस ते तिला ठाऊक होतं. तू अख्खी सहा वर्षं त्या फाटकापाशी उभा आहेस, आणि ती मात्र दोन दिवस आधीच गोष्ट पुरी करून मोकळी झाली होती.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की पहिला सिनेमा बघून जो दुसऱ्याला येऊ शकणार नाही, त्याच्याही हातात काहीतरी पुरं असलं पाहिजे. म्हणून धरणावर नको, त्या दारावर संपवू. मुलगी दार लोटते, पाठमोरं माणूस दिसतं. ती हाक मारत नाही, शेजारी जाऊन बसते. चेहरा दाखवायचा नाही. दाढीवाल्यांनी बराच वेळ दाढी खाजवली. निर्मात्यांनी आधी नाक मुरडलं, मग धरणाचा खर्च पुढच्या वर्षावर जातो हे लक्षात आल्यावर त्यांना माझी सूचना फार कलात्मक वाटली. मंजूर झालं. लेखकांच्या नावांत माझं नाव येणार आहे, सगळ्यात खाली, पण येणार.

आता दोन्ही भाग तुझ्याकडे आहेत. वाटलं तर परत एकत्र शीव.

आईच्या वाटणीचीही माया आता मलाच दे.

तुझी,
खार

५ मार्च

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल आधी उघडलं.

तुझं नाव येणार हे मामीनं गल्लीत तीन घरी सांगितलं. मी एकाच घरी सांगितलं. नाव खाली असलं तरी सारख्या आकाराच्या अक्षरांत आहे ना, ते बघून घे.

ताईची ओळ डावीकडून उजवीकडे उतरत गेली आहे. पट्टी हातात घेतली होती, ठेवून दिली.

एकत्र शिवायचं म्हणालीस. शिवता येईल, पण दोन भाग जोडायचे तर मधलं अस्तर काढून टाकावं लागतं. ते मी काढणार नाही. दोन्ही कपाटात शेजारी शेजारी ठेवले आहेत.

काल दुपारी दुकान बंद करून चारशे सतरावं पृष्ठ उघडलं. शेकोटीशी कोण बसलं होतं, ते लेखकानं लिहिलंय. चांगलं लिहिलंय, छपाईची चूकही नाही. पण ताईचं जास्त बरोबर आहे. तरी पुढे वाचतोय, रोज एक फर्मा. धरण अजून शाबूत आहे.

सिनेमा लागला की दोन तिकिटं काढ. मामीला झोप येते, तिच्या जागी तू ये.

तुझा,
मामा