सतरा जणांचा होकार

४ फेब्रुवारी

नाही म्हणाला! खडूस तो खडूसच. "परवाने जुळत नाहीत, माझा आवाज तुमच्या प्रोग्रामबरोबर वाटता येणार नाही." फोन ठेवलासुद्धा.

माझा प्रोग्राम छापील पान ओळखतो, त्याचा ते मोठ्याने वाचतो. दोन्ही मुक्त — कुणीही घ्या, बदला, वाटा. फक्त जोडून वाटायचे नाहीत! माझा परवाना म्हणतो, जोडलेलं सगळं माझ्याच अटींवर द्या. त्याचाही तेच म्हणतो. एका म्यानात दोन तलवारी. आणि चिडून काय करू, त्याचं म्हणणं बरोबर आहे.

तिकडे ताई अंध मुलांच्या शाळेत रोज पुस्तकं वाचून दाखवते. घसा पार गेलाय तिचा. मुख्याध्यापिका म्हणतात, "परवान्यांचे कागद स्वच्छ असतील तरच हे जोडलेले प्रोग्राम शाळेच्या संगणकांवर घालू." तेही शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत.

५ फेब्रुवारी

ठरलं. मीच जुना परवाना सोडून नवा घेणार, त्याच्याशी जुळणारा. पण ज्याने ज्याने कोड लिहिला, त्या प्रत्येकाचा लेखी होकार हवा. सतरा जण, मी धरून. पाच तर कधीचेच गायब झालेत.

शोधीन.

१३ फेब्रुवारी

अकरा आले. एकाने लिहिलंय, "मी एकच ओळ दुरुस्त केली होती, तीही चुकीची!" म्हटलं, तरी होकार द्या.

सगळ्यांना एकच प्रश्न — नोकरीत असताना लिहिलंत का? तर मालकाचंही पत्र आणा. विमानतळावर काम करणारा वैतागला. "बाई, तुम्ही काय पोलीस आहात?" आहे! सोडलं नाही. चौथ्या दिवशी साहेबाची सही आणली बिचाऱ्याने.

१९ फेब्रुवारी

पंधरा.

२६ फेब्रुवारी

राहिलेला एक म्हणजे कासव. आम्ही ठेवलेलं नाव. उत्तर द्यायला महिना लावायचा. आज कळलं, दोन वर्षांपूर्वी गेला.

हक्क आता बायकोकडे. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "रविवारभर टकटक करत बसायचे. त्याचा कुणाला उपयोग झाला का हो?" सांगितलं — पान तिरकं धरलं तरी आमची ओळ चुकत नाही, ती त्यांच्यामुळे. म्हणाल्या, "कुठे सही करू?"

फोन ठेवून रडले.

३ मार्च

वकीलबाईंकडे फाइल घेऊन गेले. ऐटीत! त्यांनी एकेक पत्र वाचलं, टाचणी लावली.

"ही सोळा. सतरावं?"

"सतरावी मी आहे ना!"

"मग तुमच्या मालकाचं पत्र?"

हसले. मग हसू थांबलं. पान ओळखायचा सगळा मुख्य भाग मी कंपनीत असताना लिहिलाय. तेव्हा परवानगी घेतली होती, कपाटात आहे — पण जुन्या परवान्यापुरतीच. जगाला पत्रं मागत फिरले आणि स्वतःचं बघितलंच नाही!

ताई म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." एरवी हसले असते.

११ मार्च

कंपनीचं उत्तर. दोन ओळी. नवी परवानगी नाही, कारण नाही.

दुपारभर भिंतीकडे बघत बसले. मग हिशेब सरळ मांडला. तो भाग काढायचा आणि कुणीतरी कोरा लिहायचा. ज्याने माझा कोड कधी पाहिला नाही अशाच माणसाने, नाहीतर कंपनी म्हणेल, ही आमच्याच कोडची नक्कल. मला तर तो पाठ आहे! उरलेल्यांनीही पाहिलाय.

खडूसला फोन लावला. "माझा कोड कधी उघडून पाहिलात?"

"कधीच नाही. परवाने जुळल्याशिवाय बघायचा नाही, हे माझं तत्त्व आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तत्त्व आवडलं. विचारलं — लिहाल? मी काय हवं तेवढं सांगीन. कसं, ते नाही.

"लिहितो," म्हणाला. एवढंच. आढेवेढे नाहीत.

१५ एप्रिल

त्याचा भाग जोडला. शाळेच्या संगणकावर ताईने पान ठेवलं आणि ते वाचलं गेलं. माझ्यापेक्षा जरा हळू वाचतं. कारण माहीत आहे, दोन ओळींची दुरुस्ती आहे — पण सांगायची नाही, आता कधीच नाही. संध्याकाळी माझ्या जुन्या भागातल्या सगळ्या ओळी पुसल्या. तीन हजार दोनशे अठरा.