निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे

३ फेब्रु.
माझ्या सर्व्हेच्या आकड्यांचं अ‍ॅनालिसिस आलं. कॉलेजसमोरच्या टायपिंगवाल्या मनीषभाईने पेनड्राइव्ह हातात देत म्हटलं, "बढिया आया है, दीदी." बचत गटातल्या बायकांचं घरात जास्त चालतं, असा निष्कर्ष. मी एकाही बाईला भेटले नव्हते तेव्हाच गाइड सरांनी नेमकं हेच सांगितलं होतं. पीएच.डी. संपत आली म्हणून आईने शिरा केला. मला गोड लागेना.

४ फेब्रु.
सर्व्हेत भेटलेल्या बहादरपूरच्या बायका आठवत बसले. केळीच्या बागेत कामाला जाणारी कमलबाई तर तोंडावर म्हणाली होती, "गटात गेली तवापासून घरात माझं कमीच झालं. कर्ज माझ्या नावावर, हुकूम त्याचा." तसं बोलणाऱ्या कितीतरी. मग निकाल असा कसा? पण तो तक्ता मला वाचता येतो कुठे. आकड्यावर तारा छापलेला असला की निकाल पक्का, म्हणजे चांगलं, एवढंच माहीत.

६ फेब्रु.
गाइड सरांना विचारलं. म्हणाले, एका बाईच्या बोलण्यावर शास्त्र चालत नाही. आणि महिनाअखेर प्रबंध जमा झाला नाही तर मला मिळायची गेस्ट फॅकल्टीची जागा दुसऱ्याला जाईल. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

सरांकडेच पीएच.डी. करणाऱ्या पल्लवीचं तुकईथड गावचं कामही मनीषभाईकडेच. तिचाही निकाल सर म्हणाले तस्साच. तुला संशय नाही येत, म्हटलं तिला.
"येतो ना. पण घेऊन करू काय? मला सरासरीच्या पुढे काही येतं का?"
मला तरी कुठे.

९ फेब्रु.
इंदूरहून मॅडम आल्यात, संख्याशास्त्राची कार्यशाळा. काय शिकायचंय, विचारलं. सगळे वहीत बघायला लागले. सर मागच्या रांगेत, त्यांची नजर आमच्या मानांवर. मला तरी तसं वाटलं. मग मॅडमनी विचारलं, स्वतःचा डेटा कॉम्प्युटरवर स्वतः कोणी चालवलाय? एकही हात नाही. काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले. म्हटलं, मॅडम, मला तक्ताच वाचता येत नाही, तिथून सुरू करा.
मागे खुर्ची सरकली. वळून बघायची हिंमत झाली नाही.

११ फेब्रु.
सापडलं.
प्रश्न होता, घरातले निर्णय कोण घेतं. १ म्हणजे बाई स्वतः, ५ म्हणजे नवरा. आकडा मोठा तेवढं बाईचं कमी चालतं. मनीषभाईने नेमकं उलट धरलं, मोठा आकडा म्हणजे बाईचं जास्त. मॅडमसमोर मी स्वतः चालवून बघितलं. तारा जागच्या जागी, अर्थ उलटा. कमलबाई बोलली तेच.
आनंद व्हायला हवा होता. झालाही, रिक्षात बसेपर्यंत. मग एकच घोळत राहिलं. चूक की मुद्दाम? ती १ ते ५ ची पट्टी सरांनीच तर ठरवून दिली होती, मोठा आकडा कशाचा हे त्यांना ठाऊक असणारच.

१२ फेब्रु.
मनीषभाईला गाठलं. आधी टाळलं त्याने, मग म्हणाला, "सर बोले थे असर अच्छा आएगा. मैंने बड़ा नंबर मतलब अच्छा मान लिया." हा हुकूम होता की नुसता अंदाज, ते सांगेना. उलट मलाच विचारतो, सरांना सांगणार तर नाही ना. पल्लवीच्या फाइलचं काढलं तर कॉम्प्युटरच बंद केला.

१३ फेब्रु.
पल्लवी घरी आली होती, सिंधीपुऱ्यात. ती म्हणते, कार्यशाळेत सर रोज फळ्यावरचं उतरवून घेत होते. जेवणाच्या सुट्टीत मॅडमना एकटं गाठून विचारत होते, तारा नेमका कधी लावतात. मी समजत होते आमच्यावर पाळत ठेवतायत.
म्हणजे सरांनाही तक्ता वाचता येत नाही... इतकी वर्षं?
की कोण काय विचारतं, त्याचा अंदाज घेत होते? दोन्ही पटतं. झोप नाही.

१५ फेब्रु.
सांगितलं सरांना. निकाल उलटा लागलाय, असा जमा करणार नाही, जागा गेली तरी. चिडतील वाटलं होतं. विचारलं फक्त, "कोणाकोणाला बोललीस?"
पल्लवीला, म्हटलं. मॅडमना माहीतच आहे.
त्यांनी अजून एक खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली. "बस. कसं काढलंस, पहिल्यापासून दाखव. दार लोटून घे."
शिकायचंय, की माझ्याजवळ काय काय आहे ते बघायचंय? चेहऱ्यावरून कळेना.
दार अर्धंच लोटलं, आणि फाइल उघडली.